कण्हेरीची अर्धी ओळख

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, १८८६ साली रे मार्केट म्हणून उभ्या राहिलेल्या आणि आज महात्मा फुल्यांचे नाव धारण करणाऱ्या आपल्या पुण्याच्या मंडईबाहेर, भल्या पहाटेपासून पत्रीच्या जुड्या मांडून बसलेल्या बायकांसमोर जी गर्दी लोटते, तीत उभे राहून एखाद्याने विकत घेतलेली जुडी तिथल्या तिथे सोडून पाहिली, तर दूर्वा, तुळस, शमी, आघाडा, डाळिंब, मरवा यांच्या सोबतीला एक लांबट, टोकदार, चामड्यासारखे चिवट आणि मधोमध ठळक फिकी शीर असलेले पान त्याच्या हाती लागेल. ते करवीराचे, म्हणजे आपल्या कण्हेरीचे पान. गणपतीला वाहावयाच्या एकवीस पत्रींत त्याला परंपरेने मान आहे. त्याच यादीत धोतरा आहे आणि रुईही आहे. गेल्या वर्षी माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका तरुण आईने ते पान उचलून, "हे कसलं हो, मावशी?" असे विचारले, तेव्हा "कण्हेर ती, औषधी असते," एवढे सांगून मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आईच्या कडेवरच्या मुलाने तोवर ते पान हिसकून तोंडाजवळ नेले होते. मी ते त्याच्या मुठीतून काढून घेतले आणि कण्हेर विषारी असते असे त्या बाईंना सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटला तोच या लेखाचे कारण आहे. देवाला वाहतात ते, औषधात घालतात ते, विषारी कसे असेल, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो एकट्या त्यांचाच प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

कण्हेर पुणेकराला अपरिचित नाही. वाड्यांच्या परसात ती होती, बंगल्यांच्या फाटकाशी होती, आणि आता गृहसंस्थांच्या कुंपणालगत, सार्वजनिक उद्यानांच्या कडेला व हमरस्त्यांच्या दुभाजकांवर ती सर्रास आहे. चैत्र-वैशाखात डांबर तापून निघते, इतर फुलझाडे माना टाकतात, तेव्हा धुळीने माखलेल्या दुभाजकावर गुलाबी, पांढऱ्या, तांबड्या फुलांचे घोस मिरवीत ती उभी असते. फांदीवर तीन-तीन पानांचे वेढे, त्यांच्या टोकाशी पाच पाकळ्यांचे भिरभिऱ्यासारखे फूल, डबल जातीत पाकळ्यांची गर्दी आणि मंद गोडसर सुवास, पुढे जोडीने येणाऱ्या लांब सडसडीत शेंगा आणि त्यांतून बाहेर पडणारे केसाळ बी, असे तिचे रूप आहे. तिच्या फुलात मध नसतो. मधाच्या आशेने आलेल्या कीटकांकडूनच ती आपले परागसेचन करवून घेते. पावसाळ्यात तिची पाने उलटून पाहणाऱ्यास कधीकधी त्यांच्याखाली आरशासारखा चकाकणारा, चांदीच्या मण्याप्रमाणे लोंबणारा एक कोष दिसतो. तो हबशी नावाच्या तपकिरी-काळ्या फुलपाखराचा. या फुलपाखराच्या अळीला कण्हेरीचे पान पचते. गाईला, शेळीला, घोड्याला आणि माणसाला ते पचत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या परसात विहिरीच्या अंगाला पांढऱ्या कण्हेरीचे एक जुने झाड होते. सकाळी परडी घेऊन फुले तोडण्याचे काम मुलांकडे असे आणि त्या कामाचा एक कायदा आजीने घालून दिलेला होता. कण्हेरीची फुले परडीत वेगळ्या पानावर ठेवायची, काडी मोडल्यावर येणारा चीक अंगाला लागू द्यायचा नाही, आणि परडी देवघरात पोहोचवली की आधी हात धुवायचे, मग न्याहारीला बसायचे. "कण्हेरीला हात लावलास ना? मग आधी न्हाणीत जा," हे तिचे वाक्य रोजच्या रोज कानावर पडे. नैवेद्याच्या ताटाजवळ कण्हेरीचे फूल तिने कधी ठेवू दिले नाही. निर्माल्य गोठ्याच्या बाजूला टाकलेले तिला खपत नसे. आजीला कण्हेरीच्या विषाचे ग्लायकोसाइड हे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, शाळेचे तोंडही तिने फारसे पाहिले नव्हते. तथापि देवाच्या पायाशी जे शोभते ते मुलाच्या तोंडाशी जाता कामा नये, हा विवेक तिच्या हातांना पक्का ठाऊक होता. वाडा पडला, विहीर बुजली, झाड गेले. कण्हेर मात्र शहरात पूर्वीपेक्षा अधिक झाली, आणि तिच्यासोबत चालत आलेली ती रीत मागे राहिली.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या झुडपाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे समजून घेणे येथे अगत्याचे आहे. कारण आज 'आयुर्वेदात सांगितले आहे' या तीन शब्दांच्या आधारावर जे काही खपविले जाते, त्याला आयुर्वेदाचाच दाखला उत्तर देतो. चरकसंहितेत कुष्ठघ्न म्हणून जी दहा द्रव्ये एकत्र सांगितली आहेत, त्यांत खदिर, हरीतकी, आवळा, हळद, सातवीण, बहावा, वावडिंग यांच्या बरोबरीने करवीर आहे. म्हणजे त्वचेच्या हट्टी विकारांवरील औषधांत त्याची गणना झाली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, जेथे विषांचा विचार आहे, तेथे आठ मूलविषांच्या यादीतही हेच झुडूप आहे, आणि तेथे त्याचे नाव अश्वमार असे आहे: घोड्याला मारणारे. एकाच वनस्पतीला एका ग्रंथाने औषधांच्या पंक्तीत आणि दुसऱ्याने विषांच्या पंक्तीत बसविले, यात विसंगती काहीच नाही. ज्या द्रव्यात रोग हटविण्याइतके सामर्थ्य आहे त्यात रोगी हटविण्याचेही सामर्थ्य असते, हे त्या शास्त्रकारांनी पुरते जाणले होते. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांनी करवीराला रुई, स्नुही, कळलावी, गुंज, धोतरा आणि अफू यांच्यासह उपविषांच्या गणात घातले, आणि त्याचा उपयोग करण्यापूर्वी शोधन करावे असे सांगितले. मुळाचे तुकडे पुरचुंडीत बांधून, भांड्यात लोंबते ठेवून, गाईच्या दुधात उकळावयाचे, या दोलायंत्राच्या विधीचे वर्णन आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते. त्यातही करवीराचा मुख्य उपयोग राहिला तो बाह्योपचारात, तेलातून व लेपातून, खरूज, गजकर्ण, चिघळलेले व्रण यांच्यावर; आणि तोही जाणत्या हाताने.

ही सावधगिरी केवळ पोथीत राहिली असेही नाही. आपल्या देशाच्या औषध नियमावलीत, म्हणजे १९४५च्या नियमांत, आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांतील विषारी द्रव्यांची एक स्वतंत्र अनुसूची आहे. 'ई (१)' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अनुसूचीत अफू, धोतरा, गुंज, बिब्बा, वचनाग, कुचला यांच्यासोबत करवीराचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि या द्रव्यांपासून बनविलेले पोटात घेण्याचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे सरकारी दप्तरातही कण्हेर औषध आहे आणि विषही आहे. चरकाच्या काळापासून सरकारच्या अनुसूचीपर्यंत ही दुहेरी नोंद अखंड चालत आली. तुटली ती आपल्या घरात.

अर्वाचीन शास्त्राने या दुहेरी स्वभावाचे कारण उलगडून दाखविले आहे. कण्हेरीच्या पानांत, फुलांत, सालीत, मुळांत आणि बियांत, म्हणजे तिच्या सर्वांगात, ओलिअँड्रिन व त्याच्या जातीची इतर द्रव्ये असतात. हृदयाच्या स्नायूतील प्रत्येक पेशीच्या पटलावर सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक सूक्ष्म पंप अहोरात्र चालू असतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली तो प्रकाशात आणला आणि त्याबद्दल १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओलिअँड्रिन हा पंप अडविते. परिणामी पेशीत कॅल्शियम साठते, हृदयाचे आकुंचन जोरकस होते, ठोके मंदावतात. आणि मात्रा थोडी अधिक झाली की त्यांची लय बिघडून हृदय थांबूही शकते. इंग्लंडातील विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ साली ज्या फॉक्सग्लोव्ह वनस्पतीवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि जिच्या एका भगिनी-जातीपासून १९३० साली डिगॉक्सिन वेगळे काढण्यात आले, तिचाही गुण हाच. फरक असा की डिगॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिली जाते, रुग्णाच्या रक्तातील तिचे प्रमाण तपासता येते आणि वृद्ध रुग्णाला ती देताना निष्णात डॉक्टरही हात आखडता घेतो. कण्हेरीच्या पानात मात्र किती विष आहे हे पान पाहून जगातल्या कोणालाही सांगता येत नाही. ऋतू, जात, झाडाचे वय यांनुसार ते बदलते. वाळल्याने ते नाहीसे होत नाही, उकळल्यानेही होत नाही. वाळक्या फांद्या पेटविल्या तर त्यांचा धूरसुद्धा अपायकारक असतो.

जी पिवळी कण्हेर आपण बिट्टी म्हणून ओळखतो, ती वस्तुतः वेगळी वनस्पती, मध्य अमेरिकेकडून आलेली; परंतु कुळ तेच आणि स्वभावही तोच. तिच्या त्रिकोणी फळातील कठीण बी घेऊन अंगणात खेळलेली माणसे अजून आपल्यात पुष्कळ आहेत, आणि बिट्ट्यांचा तो खेळ आठवताना त्यांचे डोळे लुकलुकतात. त्या आनंदाला मी उणे लेखीत नाही. पण ते बी म्हणजे त्या झाडाचा सर्वांत विषारी भाग होय. शेजारच्या श्रीलंकेत १९८०नंतर या बियांच्या विषबाधेचे रुग्ण इतके वाढले की तेथील रुग्णालयांत डिगॉक्सिनवरील प्रतिपिंडांचा उतारा योजून त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घ्यावी लागली. २००० साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली आणि तो उतारा गुणकारी ठरला. परंतु हा उतारा अतिशय महाग आहे आणि हाताशी असेलच याची शाश्वती मोठ्या शहरातही देता येत नाही. ज्या विषाचा उतारा दुर्मीळ, त्याच्याविषयीचे ज्ञान तरी मुबलक असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

आणि नेमके येथेच आपण कमी पडतो. सांधे दुखतात, साखर वाढते, केस गळतात, अशा प्रत्येक तक्रारीवर एखाद्या पानाचा काढा सुचविणारे संदेश आज भ्रमणध्वनीवर घरोघर फिरत असतात आणि त्यांत कण्हेरीचेही नाव मी स्वतः वाचले आहे. लिहिणारा अज्ञात, मात्रा अज्ञात, शोधनाचा पत्ता नाही. आणि शेवटी 'वनस्पतिजन्य असल्याने कोणताही अपाय नाही' हे आश्वासन. हा भ्रम केवळ आपल्याकडचा नव्हे. २०२०च्या ऑगस्टमध्ये, करोनाने जग हवालदिल झालेले असताना, अमेरिकेत ओलिअँड्रिन हे रामबाण औषध म्हणून काही वजनदार मंडळींनी पुढे केले. तेथील अन्न व औषध प्रशासनाने ते पूरक आहार म्हणून विकू देण्याची सूचना फेटाळली, हे सुदैव. आणि २०२४च्या मे महिन्यात केरळात, एका तरुण परिचारिकेच्या मृत्यूमागे अरळीची, म्हणजे कण्हेरीची, पाने असावीत असा संशय आल्यावर, त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम् मंडळांनी आपल्या अखत्यारीतील मंदिरांत नैवेद्य व प्रसादासाठी ही फुले वापरू नयेत असा निर्णय घेतला. अन्य पूजाविधींत ती चालू ठेवून भक्तांच्या मुखात जाणाऱ्या वस्तूंपासून तेवढी दूर केली. माझ्या आजीचा कायदा याहून निराळा नव्हता.

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल की मग ही कण्हेर शहरातून समूळ उपटून का टाकू नये? हा विचार स्वाभाविक असला तरी मला तो मान्य नाही. थोड्या पाण्यावर जगणारी, धूर आणि धूळ सोसणारी, गुरांनी सहसा तोंड न लावलेली आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा झोत अडविणारी दाट झुडपे दुभाजकावर लागतात, आणि या सर्व कसोट्यांना उतरणारी फुलझाडे फार थोडी आहेत. जपानमधील हिरोशिमा शहराने, अणुबाँबने होरपळलेल्या भूमीवर जी फुले लवकर उमलली त्यांची आठवण म्हणून, कण्हेरीला आपले नगरपुष्प मानले आहे. शिवाय विषारी म्हणून एक झाड तोडले की रुई, धोतरा, गुंज, कळलावी, एरंड हीही झाडे रांगेत उभी आहेतच. त्यांतली कळलावी तर पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या कुशीत ज्वाळेसारखी फुलते. तिला कोठे हद्दपार करणार? कण्हेरीच्याच कुळातील सर्पगंधेने रक्तदाबावर आणि सदाफुलीने रक्ताच्या कर्करोगावर जगाला औषधे दिली. झाड नाहीसे करून अज्ञान नाहीसे होत नाही. ते पुढच्या झाडाकडे सरकते.

म्हणून मागणे आहे ते ज्ञानाच्या बंदोबस्ताचे, आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. महानगरपालिकेच्या उद्यान विभागाने ज्या बागांत कण्हेर आणि बिट्टी आहे तेथे मराठीत, ठळक अक्षरांत, 'शोभेचे झाड, विषारी, कोणताही भाग तोंडात घालू नये' अशी पाटी लावावी. बालवाड्या, प्राथमिक शाळा आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांच्या आवारात ही झाडे नव्याने लावू नयेत, व असलेली हलवावीत. दुभाजकावरील छाटणीच्या वेळी फांद्या रस्त्याकडेला टाकून देण्याची जी सवय पडली आहे ती तात्काळ बंद व्हावी. उभे झाड जनावर टाळते, पण सुकू लागलेला पाला दुसऱ्या चाऱ्यात मिसळला की त्याला तो ओळखता येत नाही. छाटणी सुरू असताना, खाली पडलेल्या फांद्यांच्या ढिगाकडे निघालेली शेळी मी स्वतः हाकलली आहे, आणि ते काम करणाऱ्या कामगाराला 'हे विषारी असते' असे कोणी कधी सांगितलेच नव्हते. दोष त्याचा नव्हे; त्याच्या हाती कात्री देताना हे तीन शब्द देण्यात ज्यांनी हयगय केली त्यांचा आहे. हा पाला पेटवूही नये, आणि गणेशोत्सवातले निर्माल्य गाईपुढे तर कदापि टाकू नये. ते निर्माल्यकलशातच जावे.

पत्री विकणाऱ्या भगिनींनी कण्हेर, धोतरा आणि रुई यांची पाने जुडीत वेगळ्या दोऱ्याने बांधावीत आणि गिऱ्हाइकाला एक वाक्य सांगावे, ही विनंती मी त्यांना जरूर करीन. ही झाडे त्या आपल्यापेक्षा चांगली ओळखतात. आपल्या शहरात टिळक आयुर्वेद महाविद्यालय आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय कार्यालय आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. वनस्पतींचे इतके जाणकार महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्याही गावी एकवटलेले क्वचितच सापडतील. त्यांनी मनावर घेतले, तर एकवीस पत्रींची चित्रे, नावे, गुण आणि धोके सांगणारे एक पान चतुर्थीपूर्वी घरोघर पोहोचणे मुळीच अवघड नाही. आणि आयुर्वेदाच्या वैद्यांना तर माझे खास सांगणे आहे: तुमच्या शास्त्राच्या नावाने कोणी करवीराचा काढा घरी करून घेण्यास सांगत असेल, तर त्याचा निषेध सर्वांत आधी तुमच्याकडून व्हावा, कारण त्यात अवमान सुश्रुताचा आहे.

वाचकांपाशी शेवटचे मागणे अगदी साधे आहे. कण्हेरीचा कोणताही भाग, कोणत्याही दुखण्यावर, कोणाच्याही सांगण्यावरून, घरच्या घरी पोटात घेऊ नका. मुलाने पान, फूल किंवा बी चघळल्याचा नुसता संशय आला, तरी उलट्या होण्याची वाट पाहू नका, मीठपाणी पाजून उलटी काढू नका. त्या झाडाची एक डहाळी बरोबर घ्या आणि सरळ मोठे रुग्णालय गाठा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र रात्रंदिवस चालू असते, हे तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि यंदा पत्रीची जुडी घरी आली, की ती सोडताना मुलांना जवळ बसवा, कण्हेरीचे पान त्यांच्या हाती द्या, त्याची मधली शीर दाखवा, त्याचे संस्कृत नाव अश्वमार का पडले ते सांगा, देवाला ते वाहू द्या. आणि मग त्यांचे हात धुवा.